आईची भांडणाची गाणी

माझी आई जिवंत आहे, हे आधीच सांगून टाकतो. एखाद्या माणसाबद्दल कुणी सविस्तर लिहायला बसलं की वाचणारे हळहळण्याची तयारी करूनच पुढं सरकतात. तसलं काही नाही. मी हे लिहितो आहे तेव्हा ती मागच्या अंगणात टाकीचं झाकण उघडून आत किती पाणी उरलंय ते बघते आहे, आणि ज्यांच्यामुळं ते उरलेलं नाही त्यांचा उद्धार करते आहे. म्हणजे प्रकृती उत्तम आहे.

लिहायला बसलो ते एका प्रश्नामुळं. "तुझ्या आईला असली गाणी कशी काय आवडतात रे?" हा प्रश्न मला शाळेपासून विचारला जातोय आणि विचारणाऱ्याच्या तोंडावर दर वेळी तेच हसू असतं. असली गाणी म्हणजे पंक आणि न्यू वेव्ह. गिटार खरवडून, घसा खरवडून ओरडलेली, सुरू होता होता संपणारी इंग्रजी गाणी. पण प्रश्नाचा रोख गाण्यांवर नसतोच, तो 'तुझ्या आईला' यावर असतो. बिडकीनकडच्या शेतकरी घरातली, सातवीत शाळा सुटलेली, सुती साडी नेसणारी बाई. तिनं भजन ऐकावं, फार तर जुनी सिनेमाची गाणी ऐकावीत. ती बाई परदेशातल्या केस उभे केलेल्या पोरांचं बोंबलणं ऐकते आणि वर त्यात चांगलं-वाईट करते, हे लोकांना पचत नाही. न पचो. मी आता कुणाला समजावत बसत नाही. एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी हेच हातात देईन.

माझ्या जन्माआधी आई चितेगावच्या एका कारखान्यात लागली. तिथं टेपरेकॉर्डर बनत. आधी ती सोल्डरिंगला होती, मग टेस्टिंगला गेली. टेस्टिंग म्हणजे पट्ट्यावरून आलेल्या प्रत्येक डेकमध्ये कॅसेट घालायची, कानाला हेडफोन लावून थोडं ऐकायचं, आवाज थरथरतो का, वेग बरोबर आहे का ते बघायचं आणि पासची नाहीतर रिजेक्टची चिठ्ठी चिकटवायची. दिवसभर हेच. यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर जाताना स्वतःच्या कॅसेटचं खोकं तिथंच टाकून गेला होता. जुन्या बायकांनी टेस्टिंगसाठी सिनेमाच्या कॅसेट आधीच वाटून घेतल्या होत्या. आई नवी, म्हणून तिच्या वाट्याला ते खोकं आलं.

सुरुवातीला तिचं डोकं दुखायचं. मग एक दिवस सुपरवायझर तिला कारण नसताना सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलला. नवी असल्यामुळं तिला उलट बोलता आलं नाही. जागेवर येऊन तिनं हेडफोन लावला तर आत एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत होता. "मला वाटलं, ह्यो माझ्याच वतीनं ओरडायलाय," आई सांगते. "त्याला काय ठाऊक चितेगाव कुठंय. पर ओरडला." त्या दिवसापासून तिचं डोकं दुखायचं थांबलं.

पुढं कॅसेटचे दिवस संपले आणि कारखान्यातलं ते खातं बंद झालं. बाकीच्या बायकांनी आठवण म्हणून स्टीलचे डबे घेतले, आईनं ते खोकं मागून घेतलं. बरोबर एक रिजेक्ट डेकही आणला. त्याच्यावर रिजेक्टची चिठ्ठी तिनंच चिकटवली होती, आणि ती आजही तशीच आहे. मी त्या डेकच्या शेजारी वाढलो.

त्या कॅसेटना वेष्टणं नव्हती. वर त्या इंजिनिअरच्या लिपीत काहीबाही लिहिलेलं होतं, ते आम्हाला कधी वाचता आलं नाही. त्यामुळं कुठला बँड, कुठलं गाणं, काही कळायला मार्ग नव्हता. आम्ही आमची नावं ठेवली. नाकात गाणारा एक होता, तो 'सर्दीवाला'. एका बँडचे लोक अगदी ताठ, कोरडं, यंत्रासारखं वाजवायचे, ते 'इस्त्रीवाले'. एक बाई होती, ती मधेच हुंदका द्यायची आणि मधेच किंचाळायची. तिला आई 'माझी जाऊ' म्हणायची. सर्दीवाला मोठा की इस्त्रीवाले, यावरून मी आणि आई जेवताना भांडायचो. मी इस्त्रीवाल्यांच्या बाजूनं. आई म्हणायची, "ते लई शहाणेत. त्यांना वाजवता येतं. ज्याला येत नाय अन् तरी जो वाजवतो, त्याचं ऐकावं."

हे तिचं कायमचं मत. कुणी चांगलं गायलं की ती संशयानं बघते. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा लागतात, परीक्षक डोळे पुसतात, आणि आई म्हणते, "गोडच गोड. झोप यायली."

इंग्रजी तिला तेव्हाही येत नव्हतं, आताही फारसं येत नाही. पण प्रत्येक गाण्याचा अर्थ तिला पक्का माहीत. "ह्याला घरमालकानं भाईर काढलंय." "हिच्या नवऱ्यानं भाजीत मीठ नाय म्हणून ताट फेकलंय, आता ती भांडी आपटायली." मी कॉलेजला गेल्यावर मोठ्या उत्साहानं शब्द कान देऊन ऐकले आणि तिला सांगितलं की आई, ते घरमालकाचं गाणं घरमालकाचं नाहीच, ते टीव्हीवरच्या जाहिरातींना कंटाळलेल्या माणसाचं आहे. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. "मग घरमालकानं काढल्यावर टीव्हीपुढंच बसंल ना बिचारा," म्हणाली.

भाकऱ्यांचंही तसंच. आई ज्वारीच्या भाकऱ्या गाण्याच्या ठेक्यावर थापते. सर्दीवाला लागला असेल तर भाकरी पातळ, इस्त्रीवाल्यांची मध्यम, आणि कधी लाइट गेली की जाडजूड. वडील ताटातली भाकरी बघूनच विचारायचे, "आज लाइट नव्हती वाटतं?" ते एका शाळेत कारकून होते. त्यांना ह्यातलं एकही गाणं आवडत नसे. गाणी सुरू झाली की ते पेपर घेऊन ओट्यावर जाऊन बसायचे आणि कुणी टोमणा मारला तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "तिचा कार्यक्रम चालू आहे." ते गेले तेव्हा मी बारावीत होतो. आईनं कुंकू पुसलं नाही. आत्यांनी विषय काढला तेव्हा एवढंच म्हणाली, "लावायला मी शिकले तवा ते नव्हते."

आता वेगाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आई कळणार नाही.

नोकरीच्या शोधात मी काही महिने पुण्यात मित्राच्या खोलीवर होतो. एका दुपारी त्याच्या फोनवर एक गाणं लागलं आणि मी ताडकन उठून बसलो. सर्दीवाला! आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला आमच्या घराबाहेर ऐकत होतो. पण काहीतरी बिघडलं होतं. गाणं रेंगाळत होतं, आवाज जड झाला होता. मी मित्राला म्हणालो, तुझा फोन खराब आहे. तो म्हणाला, फोन ठीक आहे. मी म्हणालो, मग गाणं खराब आहे. शब्दानं शब्द वाढला, मी त्याला संगीतातलं काही कळत नाही असं म्हणालो, त्यानं मला भाडं विचारलं. मग दुसऱ्या फोनवर, मग कॉम्प्युटरवर ऐकलं. सगळीकडं तसंच. तेव्हा कुठं उजेड पडला. आमचा डेक रिजेक्ट होता तो वेगासाठी. मोटर जरा जास्त पळायची. मी शाळेत असल्यापासून ही सगळी गाणी खऱ्यापेक्षा जलद आणि चढ्या आवाजात ऐकत आलो होतो.

घरी येऊन मी आईला ते गाणं फोनवर ऐकवलं. तिनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्यो माणूस आजारी हाय," ती म्हणाली.

"आई, हेच खरं आहे. आपला डेक चुकीचा आहे."

"मला म्हाईत हाय. चिठ्ठी कुणी लावली? मीच लावली."

"मग तू इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं त्याच्यात? मी हे गाणं शंभर डेकवर ऐकलंय लेकरा. हळू ऐकलं, बरोबर ऐकलं, पळवून ऐकलं. पळताना ह्यो खरं बोलतो. बरोबर वेगात त्याला बोलताना कोण काय म्हणंल असा इचार करायला टाइम मिळतो."

"पण त्यानं तसंच गायलंय ना?"

"मग त्यानं चूक केली," आई म्हणाली आणि उठून गेली.

मी चिडलो होतो. सगळं बालपण चुकीच्या वेगात गेलं, हे कुणाला आवडेल? दोन दिवस मी हट्टानं फोनवर बरोबर वेगातली गाणी ऐकली. तिसऱ्या दिवशी डेक लावला. तेव्हापासून मीही त्याच पक्षात आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

डेकचा पट्टा तुटला तेव्हा तो मी छावणीतल्या बाजारात एका दुकानात दुरुस्तीला दिला. दुकानदार भला माणूस. त्यानं पट्टा बदलला, आतली धूळ काढली आणि जास्तीचे पैसे न घेता वेगही बरोबर करून दिला. घरी आणून लावला आणि आई स्वयंपाकघरातून हातातलं पीठ न धुता बाहेर आली. त्याच पिठाच्या हातानं तिनं डेक उचलला, मला गाडी काढायला लावली आणि दुकानात जाऊन तो काउंटरवर ठेवला.

"दादा, मी दुरुस्त करायला दिलता. सुधारायला नाय."

त्याला काही कळेना. मी समजावलं. तो हसला, म्हणाला, मावशी, बरोबर झालेलं बिघडवायचं कसं? आईनं त्याच्याकडून बारीक पेचकस मागून घेतला. मोटरच्या मागं एक भोक असतं, त्यात वेगाचा स्क्रू. तिनं तो फिरवला तो इतका, की सर्दीवाला चिमणीसारखा चिवचिवायला लागला आणि शेजारच्या दुकानातली माणसंही हसायला आली. आई मुळीच ओशाळली नाही. थोडा मागं, थोडा पुढं, पुन्हा मागं. दुकानासमोर गिऱ्हाईक थांबलं, चहावाला थांबला. शेवटी गाणं आमच्या वेगात आलं आणि तिनं तिथंच पायानं ठेका धरला. दुकानदार म्हणाला, "मावशी, ह्याच्यात गाणं पळतंय पण." आई म्हणाली, "व्हय. तुमी बी पळा कधी."

कॉलनीच्या भजनी मंडळानं तिला एकदा टाळ वाजवायला बोलावलं. नको म्हणायला हवं होतं, पण शेजारधर्म. गजर सुरू झाला आणि आईनं टाळ असे हाणले की पेटीवाल्या बाई मागं पडल्या, मृदंगवाला घामाघूम झाला आणि प्रसादाचा शिरा चुलीवरून उतरायच्या आत गजर आटोपला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, देवाला कसली घाई आहे?" आई म्हणाली, "त्याला नसंल. पर किती वर्सं झाली त्यानं सावकाशच ऐकलंय." तिला पुन्हा बोलावणं आलं नाही.

वाजवायचं खरं बोलावणं पुढं आलं ते खालांचं. खाला आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. कारखान्यात त्या आईच्या शेजारच्या खुर्चीवर सोल्डरिंग करायच्या, आणि त्या कॅसेटचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "तेरी अम्मी का दिमाग फिरेला है," असं त्या मला लहानपणी रोज सांगायच्या आणि रोज त्याच वेळेला भिंतीपलीकडं पोळपाटावर बोटांनी ठेका धरायच्या. आम्हाला तो ऐकू यायचा. आई म्हणायची, तिला सांगू नको, बंद करंल.

आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. कधी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा, आणि येतं तेव्हा बायका हातातलं सगळं टाकून धावतात. एका उन्हाळ्यात फारच झालं. कॉलनीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन पाण्याच्या ऑफिसवर गेल्या. खाला पुढं, आई त्यांच्या बाजूला, आणि मी हंडे वाहायला. तिथं नेहमीचंच झालं. साहेब आत, बायका उन्हात. कुणीतरी रिक्षावरच्या कर्ण्यातून भाषण करत होतं, शांततेच्या मार्गानं वगैरे. बायका कंटाळून सावली शोधायला लागल्या. तेव्हा खालांनी हंडा उपडा घातला आणि त्यावर पोळपाटावरचाच ठेका धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा उघड्यावर. आईनं त्यांच्याकडं बघितलं, पदर खोचला, भाषण करणाऱ्याच्या हातातून माइक घेतला आणि ओरडली:

"पाणीपट्टी भरली का?"

बायका बावचळल्या. खाला एकट्याच ओरडल्या, "व्हय, व्हय, व्हय!"

"नळाला पाणी आलं का?"

आता सगळ्या ओरडल्या, "नाय, नाय, नाय!"

एवढंच गाणं. दोन ओळी, आमच्या वेगात. मी तेलाचा रिकामा डबा बडवत होतो. आई सुरात नव्हती. तिचा आवाज वरच्या पट्टीत फाटत होता आणि तो फाटला की ती आणखी जोर करत होती. लहानपणापासून जे मी डेकमधून ऐकलं होतं ते आता माझ्यासमोर आमच्या भाषेत उभं होतं, सुती साडीत. मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. साहेब बाहेर आले, दुसऱ्या दिवशी पाणीही आलं. पुढच्या खेपेला पुन्हा उशिरा आलं, पण ते सोडा.

कुणीतरी त्याचं चित्रीकरण केलं होतं. ते फोनाफोनी फिरलं आणि आई गावभर झाली. भाजीवाले तिला बघून "व्हय, व्हय, व्हय" म्हणायला लागले. ती खूश होती. आणि नेमकं त्याच महिन्यात माझं लग्न जुळत आलं होतं.

आमच्याकडं आता मुलांची लग्नं सहज होत नाहीत. माझ्या वयाचे, तिशी ओलांडलेले, नोकरी असलेले कितीतरी मित्र अजून स्थळं शोधतायत. मी चितेगावला एका पॅकेजिंगच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो, पगार बरा आहे, पण वडील नाहीत, शेती नाही, घर जुनं. माझी तीन-चार स्थळं फिस्कटली होती. हे मात्र वेगळं होतं. मुलगी बिडकीनच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये होती. आम्ही पैठण रोडवरच्या एका रसवंतीत भेटलो. तिनं मला विचारलं, तुम्ही चिडता का? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, मीपण, मग भांडण झालं तर कोण थांबणार? मला ती तिथंच आवडली. त्यानंतर आम्ही रोज फोनवर बोलत होतो. आईला मी त्या फोनचं काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असावं, कारण भाकऱ्या पातळ व्हायला लागल्या होत्या.

तो व्हिडिओ तिच्या घरी पोहोचला. तिचा फोन आला. "मला काही वाटलं नाही, खरंच," ती म्हणाली, "मी तर दोनदा बघितला. पण घरात मामांचं चालतं. ते येणार आहेत तुमच्याकडं." तिला वडील नव्हते, मामांनी वाढवलं होतं. त्यांच्यापुढं तिचा आवाज निघत नव्हता, हे तिनं लपवलं नाही.

मामा यायचे त्या रविवारी सकाळी मी उठलो तर घर गप्प होतं. डेकच्या फळीवर प्लॅस्टिकची फुलं ठेवलेली होती. डेक जुन्या साडीत गुंडाळून पलंगाखाली होता, कॅसेटचं खोकं त्याच्या मागं ढकललेलं. आईनं लग्नकार्यातली जरीची साडी नेसली होती. आणि कुंकवाच्या जागी बारीकशी काळी टिकली होती.

"हे काय?" मी म्हणालो.

"काय हे काय? पाव्हणे यायलेत."

"आई, तू हे काय करते आहेस?"

"तू गप रे," ती म्हणाली. "मी लई केलं माझ्या मनाचं. आता तुझं होऊ दे."

मामा आले. सोबत आणखी एक गृहस्थ. पांढरे कपडे, बोलणं मऊ, माणूस वाईट नव्हता, हेही सांगतो. पोहे झाले, चहा झाला. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"ताई, तुमचा मुलगा आम्हाला पसंत आहे. पोरगीला बी पसंत आहे. फक्त एक बोलायचंय. ते हंडे बडवणं, ते माइकवर... समजून घ्या. चार लोकांत आमचं नाव आहे."

"व्हय," आई म्हणाली. "आता नाय करणार."

"अन् घरात ते इंग्रजी बोंबलणं चालतं म्हणून ऐकलं."

"बंद केलंय."

"तसं नाही ताई, वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडं बायका मोठ्यानं बोलत नाहीत. पोरगी इथं येणार, तिला वळण तुमचंच लागणार."

"बरोबर हाय तुमचं," आई म्हणाली.

मी म्हणालो, "मामा, त्या व्हिडिओत डबा मी बडवत होतो."

ते हसले. "तुमचं काय नाही हो. पुरुष माणूस आहात."

मी आईकडं बघितलं. ती हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून बसली होती. शेजारी कुठंही अशी बाई दिसते, आपल्याला तिच्याकडं बघायचंही सुचत नाही. ती 'व्हय' म्हणत होती, पण अशा आवाजात की पुढच्या माणसाला वाकून ऐकावं लागत होतं. आणि हे ती माझ्यासाठी करत होती. सुपरवायझरपुढं एकदा गप्प बसली त्याचा राग जिनं जन्मभर वाजवला, ती आता राजीखुशीनं, मला बायको मिळावी म्हणून, उरलेलं आयुष्य गप्प बसायला तयार झाली होती. मला रडू फुटेल असं वाटलं आणि त्याच्या आधी राग आला.

"मामा," मी म्हणालो, "मला तुमची भाची आवडली आहे. मनापासून. पण आमच्या घरात मोठ्यानं बोलतात. आई बोलते, मी बोलतो, आणि ती आली तर तिलाही बोलावं लागेल. गाणीही मोठ्यानं लागतील. आज बंद आहेत ती तुमच्यासाठी, उद्या चालू होतील. तुम्हाला हे चालणार असेल तर लग्न होईल."

"तुमच्या आईंनीच मान्य केलंय की."

"मी मान्य केलेलं नाही."

आई म्हणाली, "मामा, त्याचं ऐकू नका, तो लहान हाय." मी तेहतीस वर्षांचा होतो. मामांनी सोबतच्या गृहस्थाकडं बघितलं, शांतपणे उठले, आईला नमस्कार केला आणि गेले. गाडी वळेपर्यंत आई दारात उभी होती. मग तिनं दार लावलं, वळली आणि माझ्या थोबाडीत दिली.

"मी गप बसले होते ना? मला जमत होतं ना? तुला कुणी सांगितलं मधी तोंड घालायला?"

"तुला जमत होतं, तेच मला बघवेना."

"चांगली होती पोरगी."

"होती."

"आवडली होती तुला."

"हो."

ती तिथंच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. वडील गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. जरीच्या पदरानं नाक पुसत, हमसून. मीही तिच्या शेजारी बसलो आणि रडलो. मला खूप वाईट वाटत होतं आणि तरी मी बोललो त्यातला एक शब्दही परत घ्यावासा वाटत नव्हता.

मागच्या दारानं खाला आल्या. भिंतीपलीकडून सगळं ऐकलं असणार. "कायकू रो रे तुम लोगां?" त्यांनी विचारलं. विचारता विचारता चहाचे कप ट्रेमध्ये गोळा करायला लागल्या. "मामू क्या बोले?"

आईनं नाक पुसलं. मामांसारखी मान तिरकी केली आणि त्यांच्या मऊ आवाजात म्हणाली, "आमच्याकडं बायका मोठ्यानं बोलत नाहीत."

खालांचा हात थांबला. "क्या? फिर से बोल."

"आमच्याकडं बायका मोठ्यानं बोलत नाहीत," आई पुन्हा म्हणाली. या वेळी ते मामांसारखं नव्हतं. 'मोठ्यानं'वर जोर पडला होता.

खालांनी कप बाजूला काढले, ट्रे उपडा केला आणि त्यावर दोन्ही हातांनी ठेका धरला. आईनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे लाल होते, टिकली सरकून भुवईवर आली होती. ती उठून उभी राहिली आणि तीच ओळ आता ओरडून म्हणाली. मग खाला ओरडल्या. समोरच्या घराची खिडकी उघडली, कुत्रं भुंकलं. आईनं मला बखोट धरून उठवलं आणि मीही ओरडलो, आमच्याकडं बायका मोठ्यानं बोलत नाहीत, पुन्हा आणि पुन्हा, घसा दुखेपर्यंत. मला ती मुलगी फार आवडली होती. तेही मी त्याच ओळीत ओरडून टाकलं.